फडावरचा मान आणि पंगतीतला मान

(झरी, जिल्हा परभणी येथे शेतकरी व कारागीर मंडळींच्या बैठकीत एका खेड्यातील शिक्षकाने केलेले भाषण)



यंदाच्या वर्गणीचे काय करावयाचे, हे ठरविण्यास आपण जमलो आहोत. तरुण मंडळींचे म्हणणे, डीजे आणावा. वडील म्हणतात, तो पैसा कान फोडून घेण्यात घालविण्यापेक्षा कीर्तन ठेवावे. दोन्ही पक्षांनी आम्हांस बोलावयास उभे केले आहे, कारण मास्तर हा ज्याचा त्याचा वकील होतो असा लोकांचा समज आहे. परंतु आमचे म्हणणे तिसरेच आहे. या वर्षी पैसा गावाबाहेर न घालविता गावानेच आपला जलसा उभा करावा, आणि त्या जलशात गावठाणातील, वस्तीतील, तांड्यावरील व पालावरील माणसांनी एकाच फडात एकाच मानाने उभे राहावे. हे म्हणण्यास सोपे आहे. करण्यास किती अवघड आहे ते आम्ही पुढे सांगणारच आहोत.

प्रथम एक साधी गोष्ट पाहा. आपल्या मुलुखात हलगीवाचून कोणते कार्य होते? पोळ्याला बैल वेशीत आले की हलगी पाहिजे. लग्नात वाजंत्री पाहिजे. देवीच्या गोंधळाला संबळ पाहिजे. मढे उचलले तरी पुढे डफडे पाहिजे. पहाटे वासुदेवाने यावे, दुपारी बहुरूप्याने फौजदाराचे सोंग आणून आपणांस हसवावे, बाजाराच्या दिवशी डोंबाऱ्याच्या लेकराने दोरीवरून चालावे. म्हणजे गावाचे हसणे आणि रडणे ज्यांच्या हातांनी व गळ्यांनी चालते, ती ही माणसे. आता कार्य आटोपल्यावर ती कोठे बसतात, ते पाहा. नवरदेवापुढे दोन तास घाम गाळून वाजविणारा पंगत बसली की मांडवाच्या कडेला थांबतो, आणि त्याचे वाढणे शेवटी, पुष्कळ ठिकाणी वेगळे. वाजविताना जवळ, जेवताना लांब. हलगीचे कातडे विस्तवावर धरून तापविल्याशिवाय ती नीट बोलत नाही, हे त्या कलावंताला कळते. त्याच्या पोटातला विस्तव मात्र कोणी पाहत नाही.

कलेने माणसे जवळ येतात असे आमच्या अध्यापक विद्यालयाच्या पुस्तकांत लिहिलेले होते. आमचा वीस वर्षांचा अनुभव असा की, नुसती कला पाहून माणसे जवळ येत नाहीत. येणार असती तर कित्येक शतके हलगी ऐकून आपण आतापर्यंत एका ताटात जेवत असतो.

भारुडाचेच घ्या. पैठण आपल्यापासून फार लांब नाही. सोळाव्या शतकात तेथे एकनाथ महाराज होऊन गेले. जातीने ब्राह्मण, शास्त्र जाणणारे. त्यांनी महाराच्या, जोश्याच्या, गोंधळ्याच्या, वासुदेवाच्या तोंडी भारुडे रचली. त्यांच्या भारुडातला महार जोहार घालतो आणि वरच्या माणसाला खरे काय ते सुनावतो. नाथांची बुद्धी मोठी आणि काळीजही मोठे, यात शंका नाही. दुसऱ्याचे घोंगडे खांद्यावर घेतल्याशिवाय त्याच्या अंगाला ते कसे टोचते हे कळत नाही, ही गोष्ट त्यांनी चारशे वर्षांपूर्वी ओळखली. पण पुढे काय झाले? भारुडातला महार देवळाच्या मंडपात शहाणपण सांगू लागला आणि खरा महार देवळाच्या बाहेर उभा राहून ते ऐकू लागला. सोंगाला आत जागा मिळाली, माणसाला मिळाली नाही.

चोखोबांची हकीकत तर आपण सर्व जाणता. मंगळवेढ्यास गावकूस बांधताना भिंत कोसळून १३३८ साली त्यांचा अंत झाला. पंढरपुरास विठ्ठलाच्या महाद्वारासमोर त्यांची समाधी आहे. त्यांचे अभंग वारकऱ्यांनी आत गायिले. त्यांच्या जातभाईंना मात्र आत जाण्यास १९४७ साल उजाडावे लागले, आणि तेही साने गुरुजी उपोषणास बसले तेव्हा. सहाशे वर्षे अभंग आत आणि अभंग करणाऱ्याचे भाऊबंद बाहेर! म्हणून आम्ही म्हणतो की, कोणी आपले गाणे ऐकले म्हणजे त्याने आपणांस ऐकले, असे समजू नये.

आपल्या जिल्ह्यातील गंगाखेडच्या जनाबाईचेही तसेच. नामदेवांच्या घरची ती दासी. दळता कांडता तिने जे रचले ते आज घरोघर आहे. तिच्या मागून किती आयाबहिणी जात्यावर बसून गात आल्या, त्यांची मोजदाद कोणी केली होती? पुढे हेमा राईरकर व गी पॉइत्व्हँ या दोघांनी गावोगाव फिरून लाखावर ओव्या जमविल्या. १९९६ साली ती मंडळी आपल्या शेजारी माजलगावच्या भीमनगरातही येऊन गेली, आणि तेथील बायांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या त्यांना गाऊन दाखविल्या. जात्यावरच्या गाण्यात बाबासाहेब कोणी घातले? कोणत्याही पुढाऱ्याने नव्हे. ज्यांना त्यांची गरज होती त्या बायांनी घातले. यात एक मोठी खूण आहे आणि ती आपल्याला पुढे लागणार आहे: ज्याचे दुःख आहे त्याच्या तोंडी गाणे असले, तर ते गाणे वेगळेच होते.

आता जलशाकडे वळू. जोतीराव फुले यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' नावाचे नाटक लिहिले. एक जोशी एका कुणब्याच्या गरोदर बायकोला ग्रहांची भीती घालून त्या दोघांना कसा नागवितो, अशी त्याची हकीकत आहे. त्यात एक विदूषक आहे. तो मध्ये मध्ये येऊन प्रेक्षकांना सांगतो, पाहा, आता हा भोळा कसा फसतो ते! शेवटी ते कुणब्याचे जोडपे जोतीरावांच्या रात्रीच्या शाळेत शिकावयास जाते. हे नाटक जोतीरावांनी दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठविले, पण तेथे त्याची डाळ शिजली नाही. ते छापून लोकांपुढे आले १९७९ साली. सव्वाशे वर्षे एक नाटक दडपून राहिले, मंडळी! पण त्यातला विदूषक दडपला गेला नाही. १८७३ साली सत्यशोधक समाज निघाला आणि पुढे ओतूरच्या भीमराव महामुनींसारख्यांनी जलसे उभे केले, तेव्हा तोच विदूषक तमाशातल्या सोंगाड्याच्या रूपाने खेडोपाडी फिरू लागला. शिकलेल्यांसाठी वर्तमानपत्रे होती. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील खेड्यातून मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून 'दीनमित्र' चालविला, ही आपल्या चळवळीची अभिमानाची गोष्ट आहे. पण ज्याला अक्षर येत नाही त्याचे काय? त्याच्यासाठी जलसा. गण तमाशाचाच, ढोलकी तमाशाची, वगही तमाशाचा. शृंगाराची लावणी मात्र काढून टाकली आणि तिच्या जागी सावकार, भिक्षुक, कुलकर्णी व अडाणी शेतकरी यांचे सवालजवाब घातले. दिवसभर औत हाकलेला माणूस रात्री तीन तास जागून ऐके. सभेत तो पहिल्या अर्ध्या तासात डुलक्या घेतो, हे आज आम्ही समोर पाहतच आहोत.

(येथे हशा झाला.)

हसा, पण पुढचे ऐका. सत्यशोधक जलशात भटजीची फजिती पाहून आपला कुणबी, माळी, धनगर, साळी, तेली पोट धरून हसला, आणि बरोबरच हसला. परंतु त्याच फडात जोड्यांजवळ बसून जो हसत होता, त्याच्याकडे मान वळवून पाहणारे आपल्यात किती निघाले? वरच्याने आपल्या डोक्यावर दिलेला पाय आपणांस चटकन दिसतो. आपला पाय कोणाच्या डोक्यावर आहे, हे पाहण्यास खाली वाकावे लागते. सत्यशोधकांत असे वाकणारे थोर लोक होते. सगळे तसे होते असे म्हणता येणार नाही. म्हणूनच १९३१ साली नाशिककडे भीमराव कर्डक यांनी आपल्या साथीदारांसह वेगळा आंबेडकरी जलसा उभा केला. महाडचे तळे, काळाराम मंदिराचा सत्याग्रह, मेलेले ढोर ओढण्याचे काम सोडणे, मुलांस शाळेत घालणे, हे विषय त्यांनी वगांत आणले. पुढे या जलशांची हकीकत त्यांनी स्वतः पुस्तकात लिहून ठेविली, ते पुस्तक १९७८ साली निघाले. तेथे अस्पृश्याचे सोंग नव्हते. स्वतःची कथा स्वतः सांगणारा माणूस फडावर उभा होता.

याच काळची आणखी एक हकीकत नोंदलेली आहे, ती सांगतो. पठ्ठे बापूराव हे रेठरे हरणाक्ष गावचे कुलकर्णी. लावणीच्या नादाने घर, जात, वतन सगळे सोडून तमाशात आले, आणि पवळा हिवरगावकर या महार समाजातील कलावतीबरोबर त्यांनी महाराष्ट्र गाजविला. महाडच्या लढ्याला आपल्या खेळांचे उत्पन्न द्यावे, अशी इच्छा त्यांनी बाबासाहेबांपुढे ठेविली. बाबासाहेबांनी ते पैसे घेतले नाहीत. आमच्या समाजाच्या बायका नाचवून मिळविलेला पैसा आमच्या मानाच्या लढ्याला नको, असा त्यांचा भाव होता. कोणी म्हणेल, हे कठोर झाले. बापूरावांनी तर जात मोडली होती. आम्हांला दोघांचेही पटते, पण वजन बाबासाहेबांच्या पारड्यात पडते. कारण जात सोडणारा बापूराव एकटा होता. पवळेकडे पाहावयास येणाऱ्या हजारो लोकांपैकी आपल्या ओसरीवर तिला बसवून घेणारे किती होते? पुढे विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांनाही १९९० साली राष्ट्रपतींच्या हातून मान मिळाला, आणि २००२ साली त्या गेल्या तेव्हा दिवस हलाखीचेच होते. शिट्ट्या आणि टाळ्या पुष्कळ पडतात. त्यांच्यावर चूल पेटत नाही.

आपल्या मराठवाड्याची गत निराळी. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या अमलाखाली. सभा भरवावयाची तर परवानगी, शाळेत शिक्षण उर्दूतून. त्यामुळे इकडे भजन, भारूड, गोंधळ आणि तमाशा हीच लोकांची शाळा आणि हीच सभा होती. ही चांगली बाजू झाली. दुसरी बाजू सांगितली नाही तर आम्ही मास्तर कसले? २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला, आणि त्यानंतर मराठवाड्यातील गावांत, आपल्या जिल्ह्यातसुद्धा, दलितांची घरे जळाली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांस ठार मारण्यात आले. नाव लागावयास १४ जानेवारी १९९४ उजाडले. ती घरे जाळावयास कोणी भटजी आला नव्हता, मंडळी. जाळणाऱ्यांत आपलेच शेतकरी होते; ज्यांच्या मांडवात त्या घरांतली हलगी वाजली होती, ते होते. आणि फार मागे कशाला जावे? १० डिसेंबर २०२४ रोजी परभणी शहरात बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली, पुढे धरपकड झाली, आणि १५ तारखेस कायदा शिकणारा एक वडार समाजाचा तरुण न्यायालयीन कोठडीत मरण पावला. आपण येथून किती कोसांवर आहोत? आपल्या विहिरी ज्यांच्या बापजाद्यांनी खोदल्या, पाटे वरवंटे ज्यांनी टाकून दिले, त्या वडारांपैकी तो एक. त्या आठवड्यात आपल्यापैकी किती जण पालावर जाऊन दोन शब्द बोलून आले, ते ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे.

म्हणून जलसा. पण कोणता जलसा, आणि त्याने काय होते, याचा एक लहानसा अनुभव सांगतो.

पूर्वी आम्ही एका गावी नोकरीस होतो, त्याचे नाव घेण्याचे कारण नाही. तेथे दरसाल मुलांच्या संमेलनात चोर आणि फौजदाराची नक्कल होई. आम्ही तेथे रुजू झालो तेव्हा प्रघातच पडला होता की चोराचे काम पालावरच्या पारधी मुलाला द्यावयाचे. कोणी मुद्दाम वाईट हेतूने देत होते असेही नाही; पोरगे चपळ होते, पळण्याचे काम झकास करी, लोक हसत. तीन वर्षे ते पोरगे चोर होते. आम्ही त्या साली कामे उलटी केली. पारध्याच्या मुलास फौजदार केले आणि मोठ्या वाड्यातल्या मुलास पारधी. संवाद आम्ही लिहिले नाहीत, पालावरच्या मुलाच्या आजीकडून लिहून घेतले. तिला लिहिता येत नव्हते. ती सांगे आणि आम्ही उतरून घेऊ. तिने सांगितलेला पहिलाच सवाल असा होता: काल रात्री कोठे होतास? वाड्यातला मुलगा तालमीत सहज म्हणाला, घरीच होतो. तेव्हा ते पारध्याचे पोर हसून म्हणाले, "अरे, असं न्हाई म्हणायचं. घरी होतो म्हणलं की आजून मारतेत. गप बसायचं." सगळी तालीम एकदम थंड पडली.

संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी त्या वाड्यातल्या मुलाचे वडील शाळेत आले. रागाने लाल झाले होते. म्हणाले, "मास्तर, माझ्या लेकराला तुम्ही गावादेखत चोर केलं?" आम्ही म्हणालो, "दादा, तासाभरापुरतं केलं. तुमच्या लेकराचं सोंग रातीच उतरलं. त्या दुसऱ्या लेकराचं तीन वर्षं झाली, घरी गेलं तरी उतरत न्हाई." ते काही बोलले नाहीत. निघून गेले. पुढे गाव सुधारले काय? नाही. पालावरच्यांना पाणी भरताना पूर्वीसारखीच वाट पाहावी लागे. एवढेच झाले की ती दोन मुले वर्षभर एका बाकावर बसली, आणि गावात एका रात्री चोरी झाली तेव्हा वाड्यातल्या मुलाने, तो पोर काल आमच्याकडे अभ्यासाला होता, असे आपण होऊन सांगितले. आमच्या मते एका नकलेच्या मानाने हे कमी नव्हे.

ज्यांस ही मास्तरी लहर वाटत असेल त्यांना दुसरीकडील दाखला देतो. पारधी, कंजारभाट, कैकाडी अशा जमातींना इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते. इंग्रज गेला तरी त्या कायद्यातून सुटण्यास १९५२ च्या ऑगस्टची ३१ तारीख लागली. कायदा गेला, डाग राहिला. १९९८ साली बंगालमध्ये बुधन सबर नावाच्या माणसाचा कोठडीत मृत्यू झाला. त्याच साली गणेश देवी, महाश्वेता देवी आणि आपल्या लातूरकडचे 'उचल्या'कार लक्ष्मण गायकवाड यांनी भटक्या विमुक्तांच्या हक्कांसाठी संघटना काढली. त्यांच्या सोबतीने अहमदाबादच्या छारानगरातील तरुणांनी बुधनवर नाटक बसविले आणि रस्त्यावर खेळ करू लागले. हे छारा म्हणजे तसाच शिक्का बसलेले लोक. ज्यांच्याकडे शहर चोर म्हणून पाही, त्यांनाच शहर नट म्हणून पाहू लागले. त्यांच्या वस्तीत वाचनालय निघाले. तिकडे दूर ब्राझील देशातील ऑगस्तो बोआल नावाच्या गृहस्थाने तर असा प्रकार काढला की खेळ मध्येच थांबवून प्रेक्षकाने उठावे, नटाच्या जागी उभे राहावे आणि आपण त्या जागी असतो तर काय केले असते ते करून दाखवावे. आम्हांला हे वाचून मौज वाटली. आपला सोंगाडी प्रेक्षकांशी बोलतो, त्याच्याच पुढचे हे एक पाऊल.

आता वगाचा विषय. आमच्या मनात एक आहे. पालावरच्या लेकराला शाळेत सवलत पाहिजे तर जातीचा दाखला पाहिजे. भटक्या विमुक्तांस दाखला पाहिजे तर २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्याचा आजा गाढवावर बिऱ्हाड टाकून आज या शिवारात तर उद्या त्या शिवारात, त्याने १९६१ सालचा कागद कोठून आणावा? कोणत्या तलाठ्याने त्याच्या पालाचा उतारा लिहून ठेविला? यावर सोंगाड्याला रात्रभर बोलता येईल. कारकून विचारतो, तुझा आजा कोठे राहत होता? तो म्हणतो, पायावर. कारकून म्हणतो, मग पायाचा दाखला आण! यापुढचे आम्ही लिहिणार नाही. ते पालावर बसून लिहावयाचे. जे तेथील माणसे म्हणतील हे सांगा, ते सांगावयाचे. जे म्हणतील हे झाकून ठेवा, ते झाकावयाचे. दुसऱ्याची जखम आपल्या टाळीसाठी उघडी करणे यासारखा नीचपणा नाही. वडारांच्या बोलीची नक्कल करून हशा काढण्याची सवय आपल्या तमाशात जुनी आहे. ती या जलशात चालणार नाही. त्यांची बोली त्यांनीच बोलावी, हवी तेथे.

दुसरा वग बायांनी ठरवावा. आपल्या जिल्ह्यात कर्जापायी ज्या घरचा धनी गेला अशी घरे थोडी नाहीत, आणि त्या घरच्या बाईला हळदीकुंकवाला कोणी बोलावीत नाही. ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या कुंकू, बांगड्या, मंगळसूत्र काढण्याच्या चाली बंद करण्याचा ठराव केला. १८९० च्या सुमारास नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईकडील नाभिक बंधूंनी विधवांचे केशवपन करणार नाही असा निश्चय केला होता. वस्तरा हातात असणाऱ्याने तो खाली ठेवावा, हा कारागिराचा धर्म त्यांनी दाखविला. आपल्या बाया यावर काय रचतील ते त्यांनाच माहीत. आम्ही तेथे तोंड घालणार नाही.

कोणी विचारील, मास्तर, कीर्तन का नको? कीर्तनाशी आमचे वैर नाही. पण कीर्तनात एक बोलतो आणि बाकीचे माना डोलवितात. कोणी म्हणेल, हे जातीचे विषय काढून गावात तंटा कशाला? तंटा आजही आहे. फक्त तो एका बाजूच्या पोटात आहे, म्हणून दुसऱ्या बाजूला शांतता वाटते. आणि एक मोठे खरे भय आम्हांलाही आहे, ते सांगून टाकतो. असे होईल की जलसा छान वठेल, टाळ्या पडतील, फोटो निघतील, आणि सकाळी सगळे जसेच्या तसे. नाथांच्या भारुडाचे झाले तेच. ते टाळावयाचे तर फडाच्या आधीचे आणि नंतरचे जे आहे ते आधी ठरले पाहिजे.

म्हणून आमची मागणी वर्गणीच्या पैशाविषयी आहे. वाजविणाऱ्याला बक्षीस म्हणून नोट फेकावयाची नाही. मिळतील त्या पैशांचे सारखे वाटे व्हावेत. हलगीवाला, पेटीवाला, सोंगाडी, कवन रचणारी म्हातारी, सगळ्यांना एक वाटा, आणि तो हातात. तालमीच्या रात्री जेवण एकत्र, एका ओळीत. वाढणारे आळीपाळीने, म्हणजे आज वाड्यावरच्यांनी वाढले तर उद्या वस्तीवरच्यांनी. हा मुद्दा ज्यांना जड वाटत असेल त्यांनी आताच उठून सांगावे. तालीम सुरू झाल्यावर पोट दुखल्याचे निमित्त करू नये. खेळ दिवाळीच्या आधी झाला पाहिजे, कारण दिवाळी झाली की ऊसतोडीच्या गाड्या लागतात आणि तांड्यावरची व वस्तीतली निम्मी माणसे कारखान्यावर जातात. त्यांच्यामागे खेळ करणे म्हणजे नवरदेवावाचून वरात. लेकरेही सोबत जातात आणि शाळेचा पट रिकामा होतो, तो विषय आज काढीत नाही.

आणि खेळ झाला की त्याच आठवड्यात गावातील चार वडीलधारी माणसांनी पालावरच्या कुटुंबांसोबत परभणीस तहसील कचेरीत यावे. आम्ही रजा काढतो. अर्ज आम्ही लिहून देतो. तेथे कारकुनाने आजोबांचा पत्ता विचारला म्हणजे पालावरच्या माणसाने एकट्याने मान खाली घालावयाची आणि आपण गावात बसून परवाच्या वगाची तारीफ करावयाची, हे बरे दिसणार नाही. ज्यांच्या बापाने त्या लोकांकडून विहीर खोदून घेतली, त्यांना साल आठवत असेल. त्यांनी तेवढे सांगण्यास यावे. असे कोण कोण येतात, त्यांनी हात वर करावेत.

(येथे प्रथम दोन, नंतर आणखी काही हात वर झाले.)

सात. नावे लिहून घेतो. मागे बसलेल्या एका बाबांनी विचारले आहे की हलगी कोणाच्या ओट्यावर वाजवावयाची. बाबा, शाळेचा ओटा आहे, दिवा आहे, रात्री आठनंतर तेथे कोणी नसते. विस्तवासाठी काटक्या ज्याच्या त्याने आणाव्यात. तालीम येत्या सोमवारपासून. पेटीचे दोन सूर बसले आहेत, सुतार दादांनी ती रविवारी पाहून ठेवावी.